वणवा भिंतीपाशी आला तर? येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,
उपवन, शिवाईनगर, वसंत विहार, कोकणीपाडा, मानपाडा आणि घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला असलेल्या गृहनिर्माण संस्था, ठाणे (पश्चिम)

सप्रेम नमस्कार.

जानेवारी आला की आपल्या सगळ्या सोसायट्यांत एकच लगबग असते. लायसन्सवाल्या एजन्सीचा माणूस येतो, लाल सिलिंडरांवरच्या तारखा बघतो, पंप चालवून बघतो, होज रील उलगडतो, जिन्यात कुणाची सायकल किंवा चपलांचा स्टँड असेल तर फोटो काढतो आणि फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, भरून देतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे जानेवारीत आणि जुलैत असं दोनदा हे करावं लागतं. गेल्या आठवड्यात आमच्याकडे तपासणी झाली तेव्हा मी त्या मुलाच्या मागे मागे सगळे मजले फिरले. शेवटी गच्चीवर गेल्यावर डोंगराकडे बोट दाखवून विचारलं, "आणि तिकडून आली तर?"

तो म्हणाला, "काकू, ते आमच्या फॉर्ममध्ये नाही."

त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या कागदावर आग नेहमी घराच्या आत लागते, कधी स्वयंपाकघरात, कधी मीटर रूममध्ये, कधी लिफ्टच्या डक्टमध्ये. पण आपण जिथे राहतो तिथे फेब्रुवारी ते जून आग भिंतीच्या पलीकडे लागते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तशी आपली तयारी आहे. म्हणून हे पत्र. विनंती एकच आहे. वणवा जवळ आला तर घर कसं सोडायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांना स्वतःहून घर सोडता येत नाही त्यांना कोण आणि कसं खाली आणणार, हे प्रत्येक सोसायटीने फेब्रुवारी उजाडायच्या आत नावानिशी ठरवावं.

मागच्या मार्चमध्ये आमच्यावर जी रात्र आली ती आधी सांगते.

रात्री साडेनऊचा सुमार. जळक्या पानांचा वास दुपारपासूनच होता, पण तो आपल्याला सवयीचा झालेला असतो. खिडकीतून पाहिलं तर डोंगराच्या कमरेला नारिंगी रेघ. तासाभरात ती रेघ आमच्या मागच्या भिंतीपासून पन्नास-साठ पावलांवर आली. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले. कुणीतरी खबरदारी म्हणून मेन स्विच पाडला, त्याबरोबर लिफ्ट बंद आणि जिना काळोखात. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकरशिवाय उभं राहता येत नाही. आम्ही पाचव्या मजल्यावर. मी आणि माझे यजमान त्यांना धरून निघालो. तिसऱ्या मजल्यावर त्या खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "मला राहू दे इथे, तुम्ही जा." मग कॉलेजची दोन मुलं वर धावत आली, आमचीच प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली आणि त्यांना खुर्चीत बसवून पायरी पायरी खाली नेलं. दारातून निघाल्यापासून गेटपर्यंत चाळीस मिनिटं लागली.

खाली आल्यावर माझ्या हातात काय होतं ते मी आजही विसरलेले नाही. देवघरातला बाळकृष्ण आणि कपाटाच्या किल्ल्या. देव घेतला याचं वाईट वाटत नाही. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, त्यांचा चष्मा आणि कानातल्या यंत्राचे सेल वर राहिले, याचं वाटतं. चष्मा नाही, ऐकू येत नाही, भोवती धूर आणि अनोळखी लोकांची धावपळ. त्या रात्री त्या किती घाबरल्या असतील, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

गेटबाहेर वेगळाच घोळ. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी वाट. बंब आला तो कोपऱ्यावरच थांबला. वनखात्याची माणसं पायीच वर गेली आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडपत राहिली. मध्यरात्रीनंतर ती भिंतीपाशी येऊन विझली. आमची बोगनवेल करपली, माळ्याची पाइपाची गुंडाळी वितळली. कुणाला इजा झाली नाही.

पण सकाळी एक गोष्ट समजली. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, मुलगा परदेशात. त्यांना ऐकू कमी येतं. ग्रुपवर ते नाहीत, कारण त्यांचा फोन साधा आहे. रात्रभर ते खिडकी उघडी ठेवून झोपले होते. सकाळी खोकत खाली आले आणि विचारलं, "काल काय झालं?" एकशे सोळा मेसेज पडले होते त्या रात्री. त्यांच्या दारावर एकानेही थाप मारली नव्हती. मीसुद्धा नाही. सासूबाईंना घेऊन त्यांच्याच दारावरून आम्ही खाली उतरलो होतो.

आता आपल्या डोंगराबद्दल. घाबरवायला मी हे लिहीत नाही, त्यामुळे जे आहे तेच सांगते. आपल्याकडचा वणवा परदेशातल्या बातम्यांत दिसतो तसा झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही. तो जमिनीलगतचा असतो. पावसाळ्यात वाढलेलं गवत डिसेंबरपर्यंत पिवळं पडतं, साग, ऐन, पळस पानं टाकतात आणि पायाखाली पातेऱ्याचा थर साचतो. कारवीचं झुडूप काही वर्षांनी एकदाच फुलतं आणि फुलून गेलं की जागच्या जागी वाळून उभं राहतं. हे सगळं पेटतं. इमारतींच्या भिंती काँक्रीटच्या आहेत, कॅलिफोर्नियातल्या लाकडी घरांसारख्या त्या धडाधड कोसळणार नाहीत. आपल्यावर येतो तो धूर आणि उडत येणाऱ्या ठिणग्या. ठिणगीला घरात शिरायला दार लागत नाही. बाल्कनीत बघा काय काय असतं! कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी, वाळत घातलेले कपडे, रद्दीचा गठ्ठा, गेल्या पावसाळ्यातली ताडपत्री, बांबूचे पडदे, कुंडीतली वाळकी पानं. बाहेरच्या देशांत वणव्यात जी घरं जातात त्यातली बरीचशी ज्वाळा भिंतीला भिडून नाही, तर अशाच उडत्या निखाऱ्यांनी पेटतात. आपली बाल्कनी मोकळी असेल तर निम्मी लढाई तिथेच जिंकली.

आणखी दोन गोष्टी डोंगराच्या आणि वाऱ्याच्या. आग चढावर धावते. चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा तिचा हिशेब आहे. म्हणजे पायथ्याला टाकलेली एक विडी वरच्या पाड्यांवर आपल्यापेक्षा कितीतरी आधी पोचते. दुसरी गोष्ट शाळेत आपण सगळे शिकलोय, खारे वारे आणि मतलई वारे. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तो पश्चिमेकडून पूर्वेकडे. समुद्र पश्चिमेला, मध्ये डोंगर, पूर्वेला आपण. दुपारी चारला लागलेल्या आगीचा धूर आणि ठिणग्या आपल्याच खिडक्यांकडे येणार.

वणवे आपोआप लागत नाहीत. बिडी-सिगारेट, सहलीला आलेल्यांची चूल, राब भाजताना, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजताना सुटलेली आग, मुद्दाम लावलेलं गवत, आणि आपण. हो, आपण. मागच्या मार्चची ती आग आमच्याच रांगेतल्या एका सोसायटीच्या माळ्याने भिंतीलगत गोळा केलेला पाला पेटवला, त्यातून सुटली. माळ्याला दोष देऊन काय उपयोग? पाला उचलून न्यायला गाडीचे पैसे नकोत म्हणून "जाळून टाक" असं त्याला सांगितलेलं होतं. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच बंदी घातली आहे, साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर पंचवीस हजार रुपये दंड. भिंतीपलीकडे तर राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे आग लावणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्या भिंतीवरून पलीकडे फेकलेल्या पिशव्या, थर्माकोल, नारळाच्या झावळ्या हेही सगळं सरपणच. या एका बाबतीत मला कुठलीही सबब ऐकायची नाही. पाल्याचं खत करा, खड्डा करा, महिन्याला दोनशे रुपये जास्त घ्या माझ्याकडून, पण या हंगामात भिंतीलगत काडी पेटता कामा नये.

घर सोडायची वेळ आलीच तर काय होतं, हे जगाने आपल्याआधी भोगलं आहे. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावावर वणवा आला. सव्वीस-सत्तावीस हजार वस्तीचं गाव. त्यांच्याकडे विभागवार बाहेर पडायचा आराखडा होता, त्याचा सरावसुद्धा झालेला होता. पण एका विभागामागून दुसरा विभाग असं ठरलेलं असताना सगळं गाव एकदमच आगीच्या तोंडाशी आलं, रस्ते गाड्यांनी तुंबले. पंच्याऐंशी माणसं गेली. त्यातली बहुतेक पासष्टीच्या पुढची होती आणि कितीतरी जण स्वतःच्या घरातच सापडले. हे वाचलं तेव्हा मला दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आठवले. हवाईतल्या लाहैनात ८ ऑगस्ट २०२३ ला सकाळची आग विझली असं समजून माणसं निघून गेली, दुपारी तीच पुन्हा पेटली आणि सोसाट्याच्या वाऱ्यात गावभर पसरली. भोंगे असूनही वाजले नाहीत. शंभरावर माणसं गेली. विझलेल्या वणव्यावर रात्रभर कुणीतरी नजर ठेवून बसलं पाहिजे, हे मी तिथून शिकले.

पोर्तुगालची गोष्ट मात्र समित्यांनी नीट वाचावी. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांद भागात वणवा लागला आणि सहासष्ट माणसं गेली. त्यातली सत्तेचाळीस एकाच रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास गेली, बरीचशी गाडीत बसून पळताना. घरातून निघायला उशीर झाला, आणि निघाले ते धुरात, रस्ता कुठे जातो तेही दिसेना. पुढच्याच वर्षी त्या देशाने गावोगाव एक योजना सुरू केली. प्रत्येक गावात गावातलाच एक माणूस नेमायचा. वणवा आला की लोकांना सावध करायचं काम त्याचं. आणि जमायची एक जागा आधीच ठरवून ठेवायची. यात यंत्र नाही, मोठा खर्च नाही. आपल्या सोसायटीला हे करायला कुणाची परवानगी लागते?

आपल्या येऊरलाही वर जायला उपवनकडून तो एकच रस्ता आहे. शनिवार-रविवारी त्यावर किती गाड्या असतात ते आपण बघतोच. वरती हॉटेलात, बंगल्यांवर, टर्फवर गेलेली माणसं, आणि पाड्यांवरची कायमची वस्ती, सगळ्यांना खाली यायला तोच एक. वणवा दिसला की आपल्या मुलांनी व्हिडिओ काढायला मोटारसायकलवरून तिकडे जाऊ नये, एवढं तरी प्रत्येक घरात बजावलं पाहिजे.

थांबायचं की निघायचं? मला वाटतं याचं उत्तर माणसागणिक वेगळं आहे आणि समितीने ते तसंच मांडावं. धडधाकट माणसं असतील, आग वरच्या उतारावर असेल, तर काँक्रीटच्या घरात खिडक्या लावून थांबणं बरं. स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट बंद करायचा, नाहीतर तो बाहेरचा धूर फटींतून आत ओढतो. पडदे काचेपासून सरकवायचे, बाल्कनीतलं सगळं आत घ्यायचं, दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावायचा. तोंडावर ओला रुमाल बांधला की धूर गाळला जातो असं अनेकांना वाटतं, पण बारीक कण त्यातून सहज जातात. एन-९५ मास्क बरा, तोही फक्त कणांसाठी. धुरातला विषारी वायू तो अडवत नाही. आणि हे कृपा करून लक्षात घ्या, उंच इमारतींतला रेफ्युज एरिया, म्हणजे आसऱ्याला थांबायची मोकळी जागा, इमारतीतल्या आगीसाठी आहे. तो एका बाजूने उघडा असतो. बाहेरून धूर येत असताना म्हाताऱ्यांना तिथे नेऊन बसवलं तर आपण त्यांना धुरातच बसवलं.

पण दमेकरी, तान्ही बाळं, गरोदर मुली, ऑक्सिजनच्या मशिनवर असलेली माणसं, आणि ज्यांना जिना उतरायला माझ्या सासूबाईंसारखा वेळ लागतो ते सगळे, यांनी वाट बघायचीच नाही. डोंगराच्या कमरेला रेघ दिसली, वारा आपल्या दिशेने आहे, लिफ्ट चालू आहे, तोवरच त्यांना खाली आणायचं आणि डोंगरापासून दूर न्यायचं. नौपाड्यात, कळव्यात, डोंबिवलीत आपलं कुणी ना कुणी असतंच. एका रात्रीसाठी जायचंय. आग आलीच नाही तर आत्याकडे जेवून परत येऊ. आमचे शेजारी मागच्या वेळी म्हणाले होते, "उगीच कशाला, विझेल." विझली, पण आम्हाला त्याआधी दीड तास मिळाला होता आणि तो आम्ही खिडकीत उभं राहून घालवला. बाकीच्यांनी कधी निघायचं? आग भिंतीला किंवा पार्किंगला लागली, खिडक्या लावूनही घरात धूर भरायला लागला, किंवा अग्निशमन दलाने सांगितलं, की लगेच. निघताना गॅसचा मीटरजवळचा कॉक बंद, दार ओढून घ्यायचं, खिडक्या बंदच. आणि मेन स्विच कुणी पाडायचा हे एकाच माणसाकडे असू द्या. लिफ्टमधून माणसं उतरत असताना वीज घालवू नका. आमच्याकडे तेच झालं.

घरातल्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते प्रत्येकीच्या हातातलं काम आहे. माझ्याकडे आता मुलाचं जुनं दप्तर दारामागच्या खुंटीला टांगलेलं आहे. त्यात सासूबाईंच्या आठ दिवसांच्या गोळ्या, आणि कुठली गोळी कधी हे मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद, कारण त्या वेळी गोळ्या देणारी मीच असेन असं नाही. जुना पण चालणारा चष्मा. कानातल्या यंत्राचे सेल. मोठ्यांचे डायपर चार. टॉर्च, पॉवर बँक, मास्क, पाण्याची बाटली, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. सगळ्यांचे फोन नंबर कागदावर, कारण मोबाइलची बॅटरी संपली की स्वतःच्या मुलाचा नंबरही आठवत नाही. यजमान इन्सुलिन घेतात. ते फ्रिजमध्ये असतं, म्हणून दप्तरावर चिठ्ठी चिकटवली आहे, "फ्रिजमधलं इन्सुलिन". वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, पण आपल्या एप्रिलच्या उन्हात नाही, म्हणून गार राहणारी छोटी पिशवी आणली. दर महिन्याच्या एक तारखेला मी दप्तर उघडते, जुन्या गोळ्या वापरायला काढते, नव्या भरते.

कपड्यांचं एक. नायलॉनचा गाऊन, टेरिकॉटची साडी ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. सुती पंजाबी ड्रेस, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि पायात बूट. चपला घालून तापलेल्या राखेतून चालता येत नाही. कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नका. आधार, लायसन्स, गाडीचं आरसी हे डिजिलॉकरमध्ये असलं की कायद्याने ते मूळ कागदासारखंच धरतात. घराचा करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट मात्र एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, हाताशी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. गाडी असेल तर तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा.

आता समित्यांकडून काय हवं ते.

आधी एक यादी करा. मजल्यानुसार कोण एकटं राहतं, कुणाला उतरता येत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाच्या घरात दिवसभर फक्त म्हातारी माणसं आणि बाळ असतं. प्रत्येक नावापुढे त्याच मजल्यावरच्या दोघांची नावं, एक घरी नसेल तर दुसरा. दारावर थाप मारायची, फोन नाही. ही यादी ग्रुपवर टाकू नका, कुणाच्या घरात कोण एकटं आहे हे जगाला सांगायचं नाही. सचिवांकडे आणि वॉचमनच्या केबिनमध्ये बंद पाकिटात ठेवा. रात्रपाळीचा वॉचमन बदलला की नव्याला ती समजावून सांगा. जिन्यावरून माणूस उतरवायची घडीची खुर्ची विकत मिळते. एका सोसायटीला महाग वाटत असेल तर तीन सोसायट्या मिळून घ्या. आणि सराव रविवारी सकाळी वडापाव ठेवून नको. एकदा तरी संध्याकाळी सातनंतर, लिफ्ट बंद करून, जिन्यातले दिवे घालवून करा. माझ्या सासूबाई तयार आहेत, त्यांनीच सांगितलंय तसं लिहायला.

मग गल्ली. निदान फेब्रुवारी ते जून एका बाजूला गाडी लावायची नाही, असं शेजारच्या चार सोसायट्यांनी मिळून ठरवलं तर बंब आत येईल. यावरून भांडणं होतील हे मला माहीत आहे. होऊ देत.

पाहायचं काम वॉचमनचं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या जागा मोबाइलवर कळवते, त्यासाठी कुणालाही नाव नोंदवता येतं, समितीने जरूर नोंदवावं. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो, मधल्या वेळेतली छोटी आग त्याला दिसत नाही. गच्चीवरून दर दोन तासांनी डोंगराकडे एक नजर टाकणारा माणूस जास्त लवकर सांगेल. त्याच्या केबिनमध्ये मोठ्या आकड्यांत लिहा, वनखात्याचा १९२६, अग्निशमन १०१, ॲम्ब्युलन्स १०८, आणि काहीच सुचलं नाही तर ११२. फोन करताना "येऊरला आग लागलीय" एवढं सांगून भागत नाही. कुठल्या इमारतीच्या मागे, उताराच्या खालच्या अंगाला की वरच्या, वारा कुठून, आणि बंब कुठल्या गेटने आत येऊ शकतो, हे सांगायला त्याला शिकवा.

शेवटचं पाड्यांबद्दल. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई येऊरच्या पाड्यावर राहतात. त्या रात्रीनंतर सकाळी सात वाजता त्या नेहमीसारख्या आल्या, डोळे लाल, केसांना राखेचा वास. आम्ही खाली गेटपाशी उभे होतो तेव्हा त्यांच्या पाड्यावरची माणसं वर जाळ झोडपत होती. जी कारवी पेटते त्याच कारवीच्या कुडाच्या भिंती तिथल्या कितीतरी घरांना आहेत, वर ताडपत्री, आत गॅसचा सिलिंडर. आपल्याहून धोका त्यांना जास्त, आणि तयारीही त्यांचीच जास्त. मी विचारलं, तुम्ही काय करता? त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "होळीच्या आधी घराभोवतीचं गवत मातीपर्यंत खरवडून काढायचं. कागदांचा पत्र्याचा डबा दारापाशी. वणवा दिसला की आधी शेळ्या सोडायच्या, मग म्हातारीला उचलायचं, मग डबा." घराभोवती मातीपर्यंत मोकळा पट्टा. वनखातं मोठ्या प्रमाणावर जी जाळरेषा काढतं, तेच हे. आपण आपल्या भिंतीलगत आतल्या बाजूने असा पट्टा या महिन्यात काढूया, आणि बाहेरच्या बाजूसाठी वनखात्याला रीतसर पत्र देऊन त्यांच्या देखरेखीखाली काढून घेऊया. पलीकडे आपण परस्पर हात लावायचा नाही.

मी ताईंना आणखी एक विचारलं. त्या रात्री आग तुम्हाला कधी दिसली? म्हणाल्या, "संध्याकाळी सहाला." आम्हाला साडेनऊला. साडेतीन तास आधी त्यांना माहीत होतं आणि त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणाचा नंबर नव्हता. आमच्याकडे त्यांचा होता, सुट्टी विचारण्यापुरता. उलटंही तेवढंच खरं, खाली पाला पेटला तो आम्ही आधी पाहिला असता तर वर कळवायला हवं होतं.

या महिन्याच्या समितीच्या सभेत हा विषय अजेंड्यावर घ्यावा. माझ्या सोसायटीच्या सभेला मी येतेच आहे, दुसऱ्या कुणाच्या सभेत बोलावलं तर तिथेही येईन. ताई आणि पाड्यावरचे आणखी दोघे नंबर द्यायला तयार आहेत, त्यांना प्रत्येक सोसायटीकडून दोन नंबर हवेत, रात्री उचलणाऱ्या माणसांचे. कोण देणार ते सभेतच ठरवूया.

आपली नम्र,
डोंगराकडच्या बाजूला राहणारी एक सभासद
ठाणे (पश्चिम)